अंधारात यान लपत नाही

"मॅडम, इंजिन बंद, लाइट बंद. मग यान दिसेलच कसं?" दिग्दर्शक निखिलने विचारलं.

"गरम आहे म्हणून," मी म्हटलं.

अंधेरीच्या स्टुडिओत अंतराळयुद्धावरच्या वेब सिरीजचं शूटिंग चालू होतं. माझी सगळी नोकरी उपग्रहांच्या थर्मल डिझाइनमध्ये गेली. म्हणजे उपग्रह तापू नये, गोठू नये, हे बघणं. निवृत्त होऊन पार्ल्याला घरीच होते, म्हणून सायन्स कन्सल्टंट व्हायला हो म्हटलं.

शेवटच्या एपिसोडमध्ये कॅप्टन नायिका अंधारात यान लपवते आणि चारी बाजूंनी शोधणारा शत्रू निघून जातो. माझ्या मते हे होणंच शक्य नव्हतं. आतली माणसं आणि मशिनं उष्णता तयार करत राहतात. बाहेर हवा नाही. ती उष्णता फक्त इन्फ्रारेड किरणांनी बाहेर पडते. डोळ्यांना ते किरण दिसत नाहीत, शत्रूच्या कॅमेऱ्याला दिसतात. मागचं आकाश इतकं थंड, की यान त्यावर लख्ख उठून दिसणार.

"कोणाला कळणार आहे, यार? सेट उद्या तोडायचाय!"

"मला कळणार. मग टायटल्समधून माझं नाव काढून टाक."

कॅप्टनचं काम करणारी रेवती शेजारी पोहे खात होती. तिने विचारलं, "उष्णता आतच ठेवली तर?"

"तुम्ही सगळे शिजाल."

"लगेच?"

किती वेळात, हा प्रश्न नोकरीत मीच विचारायचे. मेकअप रूममध्ये कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि गणित जमेपर्यंत उठले नाही.

"यानात बर्फाची टाकी ठेव," मी निखिलला सांगितलं. "रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर फेकणारे पंख, मिटून घ्यायचे. बाहेरचा पत्रा आतल्या उष्णतेपासून तोडून आकाशासारखा गार होऊ द्यायचा आणि सगळी उष्णता बर्फात सोडायची. बर्फ आहे तोवर लपता येईल."

"आणि वितळला की?"

"पंख उघडले तर शत्रूला दिसाल. नाही उघडले तर आत भाजाल."

निखिल असिस्टंटकडे वळला. "डायलॉग काढ सगळे. कोणी बोलणार नाही. नुसता घाम हवा."

"एसी बंद करा," रेवती म्हणाली. "खोटा घाम नको मला."

युनिटने आम्हा दोघींना मनापासून शिव्या घातल्या. सेट तुटायच्या आत सीन झाला. एकही स्फोट नाही, पण एडिटिंगमध्ये त्याची एक फ्रेमही कापली गेली नाही.

तेव्हापासून "असं होत नाही" एवढंच सांगून मी मीटिंग संपवत नाही. काय होऊ शकतं, तेही सांगते. फी तेवढीच मिळते.