धुऱ्यावरची बाई आणि प्राचीची सुई

बायोप्सीचा रिपोर्ट वाचून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सर्व्हिक्सचा कॅन्सर आहे. म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा. उपचार आहेत, वेळ घालवू नका." मी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, मनात पहिलं हेच आलं की तो वास माझाच होता तर.

त्याआधी कितीतरी दिवस आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये मला एक वास यायचा. नव्या टाइल्स, रोज फिनाईल, तरी यायचा. गच्चीवर, स्कूटीवरसुद्धा. रामटेककडच्या आमच्या गावी आई गेली, त्या खोलीत हाच वास होता. काकू गेली तेव्हाही. मला वाटायचं, आई घरात येऊन राहिली आहे. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, तो बिचारा बेसिनचे पाइप हुंगत बसला असता.

बायांनो, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी गेलं, तर उदबत्त्या लावत बसू नका. मी बसले होते.

आमच्याकडे या सगळ्याला एकच नाव होतं, धुऱ्यावरची बाई. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, म्हणे कधीकाळी घरातली एक सून पुरलेली. ती फक्त लग्न झालेल्या बाया नेते. म्हणून नवी नवरी घरात आली की आधी धुऱ्यावर जाऊन त्या बाईची ओटी भरते. कुवाऱ्या पोरींपुढे मात्र तिचं नाव काढायचं नाही. आई आणि काकूला नेमकं काय झालं होतं, ते कुणी तपासलंच नाही.

रेडिएशनच्या खोलीचं जाड दार बंद झालं की आत मी एकटी. स्पीकरमधून आवाज यायचा, "हलू नका." यंत्र भोवती फिरायचं. पायथ्याशी कुणीतरी उभं आहे असं वाटायचं, पण डोळे उघडायची हिंमत व्हायची नाही. कधी कधी तर "हलू नका" हे धुऱ्यावरची बाईच म्हणते आहे, असं वाटून घाम फुटायचा.

एकदा मॅडमनी समजावलं, "हा आजार बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. घरात लहान मुली असतील तर त्यांना आत्ताच लस द्या. संबंध सुरू झाल्यावर तिचा फायदा कमी होतो."

माझ्या अंगावर काटा आला. लग्न झालेल्याच बाया. आमच्या लोकांनी पाहिलं होतं बरोबर, अर्थ तेवढा भलताच लावला.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी प्राची तेरा वर्षांची. भाऊ लगेच तयार झाला. त्याची बायको वर्षा काही ऐकेना.

"ताई, कुवाऱ्या पोरीले पिशवीची सुई काहून द्या लागते? लोक काय म्हणतील? पुढं लेकरूच नाही झालं तं? लग्न झाल्यावर ओटी भरू, तवाच सुई देऊ."

"तवा उशीर होते वं," मी चिडून म्हटलं. "मले धुऱ्यावरच्या बाईनं नाही धरलं. विषाणूनं धरलं."

"नाव नका घेऊ ताई, पोरगी ऐकून राहिली."

प्राची दारातच उभी होती. "आत्या, कोण धरते?"

मी तिला सगळं सांगितलं. बाई, आई, काकू, विषाणू, सगळं. वर्षा पांढरीफटक पडली, पण उठून गेली नाही. माझ्या पुढच्या तपासणीला ती स्वतःच प्राचीला घेऊन आली.

मॅडमनी वर्षाला नीट सांगितलं की या लसीनं मूल होण्याला काही अडथळा येत नाही. प्राचीनं दंड पुढे केला आणि नंतर म्हणाली, "झालं पण?" मी आता बरी आहे, माझ्या तपासण्या चांगल्या येताहेत. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या दिवशी पोरीच्या दंडावरचा तो कापूस पाहून जेवढं बरं वाटलं, तेवढं स्वतःच्या रिपोर्टनंही वाटलं नव्हतं.

सुईनंतर प्राचीला थोडा वेळ बाहेर बाकावर बसवलं. आम्हीही मॅडमच्या खोलीतून निघणार, तर वर्षा जागची हलेना.

"ताई," ती खाली बघत म्हणाली, "मलेही दिवाळीपासून अंगावर जाऊन राहिलं. कोणालेच नाही सांगितलं. मले वाटलं, ओटी भरताना माहंच काही चुकलं."

मॅडमनी तपासणीच्या खाटेपुढचा पडदा बाजूला केला. मी वर्षाचा हात धरला आणि तिच्यासोबत आत गेले.