न दिलेल्या गोळ्यांची वही

इंदापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा नीळकंठ देशमाने अठरा वर्षं तिथल्या औषधांच्या खिडकीमागं बसत होते. कागदोपत्री हुद्दा औषध निर्माण अधिकारी, लोकांच्या तोंडी ‘गोळ्यावाले साहेब’. बोलणं मोजकं. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना ते पाकिटावर पेनानं सूर्य आणि चंद्र काढून द्यायचे. कुणाला कुठली गोळी चालू आहे, हे त्यांना चेहऱ्यावरून आठवायचं.

त्या हिवाळ्यात रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. अर्थसंकल्पात औषधांसाठी तरतूद झाली होती, पण निधी तुकड्यातुकड्यानं येत होता आणि खरेदी अडकली होती. खिडकीशी येणाऱ्याला नीळकंठराव सांगायचे, “पुढच्या मंगळवारी या.” कितव्या मंगळवारी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

वरकुट्याच्या कुशाबाई त्या काळात दोनदा आल्या. वडापच्या जीपनं यायच्या, गुडघे धरत पायऱ्या चढायच्या. “हाय का गोळी, साहेब?”

“नाही हो, मावशी. आणि केसपेपरच्या रांगेत उभ्या राहू नका. उगाच पाय दुखतील.”

दुसऱ्या खेपेनंतर पंधरा दिवसांनी त्या चुलीपुढं कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यांचा मुलगा मानसिंग बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. तो मोटारसायकल तशीच पळवत घरी आला, आईला बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. सरकारी योजनेत उपचार बसले, म्हणून घरातून पैसा गेला नाही. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला.

मानसिंग दहा दिवसांनी केंद्रात आला, तो थेट खिडकीशी.

“माजी आई दोनदा आलती. तुमी माघारी धाडली.”

“गोळ्याच नव्हत्या रे.”

“मग तसं कागदावर दावा. ती आली, गोळी न्हाय मिळाली, आसं कुठं लिवलंय?”

नीळकंठरावांनी रजिस्टर उघडलं. मीही तिथं गेले. साठ्याच्या रजिस्टरमध्ये त्या दोन्ही दिवशी त्या गोळीपुढं शून्य होतं. बाह्यरुग्ण रजिस्टरमध्ये कुशाबाईंचं नावच नव्हतं, कारण त्यांनी केसपेपर काढला नव्हता. रांगेत उभं राहू नका, असं त्यांना सांगणारे नीळकंठरावच होते.

मानसिंगनं मोबाइल पुढं केला. योजनेतून मंजूर झालेल्या रकमेचा मेसेज होता. एक लाख बारा हजार. “सरकारनं एवढं भरलं, साहेब. गोळी केवढ्याची हुती?”

सरकारी दरानं महिन्याच्या गोळ्या दहा रुपयांच्या आत येतात. नीळकंठरावांनी रजिस्टर मिटलं. मानसिंग निघून गेला.

दुपारी ते माझ्या खोलीत आले. “मॅडम, मागणीपत्र कसं निघतं ठाऊक आहे ना? गेल्या वर्षी वाटलं तेवढं, त्यावर दहा टक्के. यंदा दोन महिने गोळ्या नव्हत्या म्हणून वाटल्या नाहीत. म्हणजे पुढच्या वर्षी मागणी कमीच दिसणार. वर बसलेल्यांना वाटणार, इथल्या लोकांचा रक्तदाब उतरला.”

मी इतकी मागणीपत्रं सह्या करून पाठवली होती. हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशांनी लांब वही आणली. नाव, गाव, औषध, न दिलेल्या गोळ्या. पहिल्या ओळीत कुशाबाईंचं नाव आणि दोन्ही तारखा. त्या त्यांना पाठ होत्या. पुढच्या पाच महिन्यांत कधी रक्तदाबाच्या, कधी साखरेच्या गोळ्या संपत राहिल्या. तीनशे अठरा नोंदी झाल्या, साडेनऊ हजारांवर गोळ्या.

जिल्ह्याला मागणीपत्रांच्या बैठकीला ते वही घेऊन गेले. मी सोबत होते. समोरच्या अधिकारी बाईंनी पानं सावकाश उलटली. “देशमाने, कळतंय मला. पण संगणकात न दिलेल्या गोळ्यांचा रकाना नाही. आणि मंजूर पैशांतले साठ टक्केच हातात आलेत. तुम्हाला वाढवून दिलं तर कुणाचं तरी कापावं लागेल. कुणाचं कापू, सांगा.”

नीळकंठरावांनी कुशाबाईंच्या उपचाराचा आकडा सांगितला.

“ते लेखाशीर्ष वेगळं,” बाई म्हणाल्या. “तिकडचे पैसे इकडं वळवता येत नाहीत.”

“दोन्हीकडची बाई एकच होती, मॅडम. इकडं नऊ रुपये नव्हते म्हणून तिकडं गेली.”

बाईंनी वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले. ती बैठक तशीच संपली. महिनाभरानं सगळ्या केंद्रांना पत्र आलं, की तीन महिने अशी नोंद ठेवून पाठवावी. आमच्या मागणीत पाव भाग वाढ मंजूर झाली. आम्ही मागितलं होतं त्याच्या निम्मं. गोळ्या ऑगस्टमध्ये आल्या. पुन्हा खंड पडू नये म्हणून नीळकंठरावांनी महिन्याऐवजी पंधरा दिवसांच्या द्यायला सुरुवात केली. लोकांना दोन हेलपाटे पडू लागले आणि त्याबद्दल बोलणीही त्यांनीच खाल्ली.

कुशाबाईंच्या गोळ्या ते स्वतः वरकुट्याला पोचवायचे. पहिल्या दिवशी मानसिंग घरात असून बाहेर आला नाही. कुशाबाई ओसरीवर बसल्या होत्या, डाव्या हातानं शेंगा सोलायचा प्रयत्न करत.

“साहेब, लेकरू रागं भरलं तुमच्यावर. मनावर घेऊ नगा.”

“त्याचं बरोबर होतं, मावशी.”

“व्हय, बरोबर हुतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पर तुमी आलात, हे बी बरं झालं.”

हे मला नीळकंठरावांनीच सांगितलं.

आता माझी बदली झालीय. त्यांची नोकरी तीन वर्षं उरली आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मानसिंग आदल्या दिवशी केंद्रात आला होता, स्वतःचा रक्तदाब तपासायला. जास्त निघाला. गोळ्या होत्या, पंधरा दिवसांच्या दिल्या.