कुंपणावरून दिसलेला ब्रिन

आज सकाळी मैदानाच्या कुंपणाशी उभी राहून ब्रिनचा सराव बघत होते. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं, की हा पोरगा एकही चेंडू उजव्या पायाने मारत नाहीये. तेव्हा जी काळजी मनात शिरली ती अजून निघालेली नाही. कुंपणाशी उभ्या असलेल्या बाकी कोणाला त्यात काही वावगं दिसण्याचं कारण नव्हतं. ब्रिन मूळचा उजव्या पायाचा आहे, हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं.

ब्रिन माझा धाकटा, अठरा वर्षांचा. आमचं घर टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावर, बटाट्याच्या आणि कांद्याच्या शेतांच्या मधोमध. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते, त्याचा बाप रॉस दुधाचा टँकर चालवतो. नोव्हेंबरात फुटीच्या, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या आणि पायाने मारायच्या इथल्या फुटबॉलच्या, मोठ्या क्लबांनी नवी पोरं निवडली, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून होतो. एकेक नाव पुकारत गेले. शेवटी शेवटी रॉस "पुढच्या वर्षी बघू" म्हणत सॉसेज गरम करायला उठला, आणि तेवढ्यात ब्रिनचं नाव आलं. इतक्या शेवटून निवडलेल्या पोराला दोन वर्षं मिळतात. त्यात काही दाखवलं नाही, तर परतीची बोट.

आठवड्याभरात तो मेलबर्नला गेला. बाहेरगावच्या पोरांना क्लब ओळखीच्या कुटुंबांकडे ठेवतो. ब्रिन जेनिन नावाच्या बाईंकडे असतो. त्या मला त्याच्या जेवणाच्या ताटाचे फोटो पाठवतात, आणि मी ते मोठे करून करून बघते. तो स्वतः फोनवर एकच वाक्य बोलतो, "सगळं मस्त चाललंय, आई." म्हणून जानेवारीत, शाळेची उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत, मी त्याला न सांगता बोटीत गाडी चढवली. सोबत त्याची जुनी उशी आणि फ्रूटकेकचा डबा. सराव लोकांना बघायला खुला होता. म्हटलं, संपला की अचानक समोर उभी राहीन.

कुंपणाशी घडीच्या खुर्च्या टाकून नेहमीची मंडळी बसली होती. माझ्या बाजूलाच एक सत्तरीची बाई होती, लोर्ना. गळ्यात क्लबचा मफलर, इतक्या उन्हातही. तिच्या पलीकडे स्टाव्ह, भाजी-फळांचं दुकान बायकोवर टाकून आलेला. त्यांची नावं मला विचारावी लागली नाहीत, ते एकमेकांवर इतक्या मोठ्याने ओरडत होते.

"तो बघ, टास्मानियाचा," लोर्ना दुर्बीण खाली न घेता म्हणाली. "बगळा."

"बगळ्याला निदान पंख असतात. ही झाडूची काठी आहे. जरा वारा सुटला की पार्किंगमध्ये सापडेल."

"अंग भरेल रे. अठरा वर्षांचा आहे."

"मागच्या साली त्या दुसऱ्या पोराबद्दल तू हेच म्हणालीस. भरलं त्याचं अंग. पळणं गेलं."

'मी त्याची आई' असं सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आपल्या मुलाबद्दल परकी माणसं खरं काय बोलतात, हे कुठल्या आईला ऐकायला मिळतं? मी आणखी जवळ सरकले. लोर्नाने वळून माझ्याकडे पाहिलं आणि आपली छत्री माझ्या डोक्यावर केली.

"अगं, उन्हात काय उभी राहतेस? भाजशील. कुठून आलीस?"

"टास्मानियाहून."

"मग हा तुमच्याकडचाच की! काही ऐकलंयस त्याच्याबद्दल?"

"थोडंफार," मी म्हणाले.

"कसा आहे?"

"बोलत नाही फारसा."

"बरंय. बोलणारे आमच्याकडे ढीगभर आहेत," स्टाव्ह म्हणाला आणि पिशवीतून एक पीच काढून माझ्या हातात ठेवलं.

मग मी ऐकत राहिले. या लोकांना ब्रिनबद्दल जेवढी उत्सुकता होती, तेवढी आमच्या नात्यातल्या कोणालाही कधी नव्हती. तो केसांना काय लावतो इथपासून त्याची आजी कुठल्या क्लबची, इथपर्यंत. लोर्नाची बघण्याची एक पद्धत होती. चेंडू ब्रिनकडे आला की ती दुर्बीण खाली घ्यायची, आणि चेंडू लांब गेला की पुन्हा डोळ्यांना लावायची.

"चेंडू हातात असला की सगळेच शहाणे दिसतात," तिने मला सांगितलं. "नसताना काय करतो ते बघायचं. आता बघ, पाण्याच्या बाटल्या उचलतोय. कोणी सांगितलं नाही त्याला."

"बाटल्या उचलायला घेतलाय का त्याला?" स्टाव्ह म्हणाला.

"तू गप रे. तुझ्या दुकानात फरशी तरी कोणी पुसतं का?"

बाटल्या उचलताना तो घरच्यासारखाच वाटला. घरीसुद्धा तो न सांगता ताटं धुवायचा आणि कोणी बघितलं की लाजायचा. कोणाला आपला त्रास होऊ नये, हा त्याचा लहानपणापासूनचा ध्यास. शाळेतल्या सहलीत बस लागली तरी तो टोपीत उलटी करून ती टोपी हातात धरून बसला होता, बस थांबवायला नको म्हणून.

मग चेंडू त्याच्याकडे आला. त्याने तो छातीशी घेतला, दोन पावलं टाकली आणि डाव्या पायाने मारला. लांब, सरळ, पलीकडच्या गड्याच्या ओंजळीत.

"अरे देवा!" स्टाव्ह खुर्चीतून उठला. "डाव्या पायाचा! लोर्ना, डाव्या पायाचा आहे! इतकी वर्षं मी मेणबत्त्या लावतोय, बचावाला एक डाव्या पायाचा दे, एकच दे!"

"तुझ्या मेणबत्त्यांनी मागच्या साली आपण तळाला गेलो." पण तिचाही चेहरा फुलला होता.

पुढचा चेंडू, डावा. त्याच्या पुढचा, डावा. मला पहिल्यांदा गंमत वाटली. एका हिवाळ्यात रॉसने त्याला यंत्रांच्या शेडच्या भिंतीवर रोज डाव्या पायाने चेंडू मारायला लावले होते. ज्यांना दोन्ही पाय चालतात ती पोरं निवडली जातात, असं त्याचं म्हणणं. शेडचा पत्रा अजून चेपलेला आहे. तेव्हा डावा पाय ब्रिनला चालतो, नुसता नाही, सुरेख चालतो. पण घाईत, अंगावर कोणी आलं की, तो उजव्यावरच जायचा. आज अंगावर दांडगी पोरं येत होती आणि तो उजव्यावर जात नव्हता.

एकदा तर उजवीकडे वाट मोकळी होती. तो तिकडे वळला, थबकला, पुन्हा फिरून डावीकडे आला. तेवढ्यात त्याला खाली पाडलं.

"घाबरतो काय हा?" स्टाव्ह म्हणाला.

"छे. मगाशी त्या दाढीवाल्या आडदांडाच्या अंगावर सरळ गेला तो. डाव्या पायाची माणसं अशीच असतात, अख्खं मैदान फिरतील पण उजव्या पायाने मारणार नाहीत. आपला तो जुना खेळाडू होता ना, त्याचा उजवा पाय फक्त जिना चढायला होता."

दोघं हसले. आजूबाजूची मंडळीही हसली, आणि हा हा म्हणता सगळ्या कुंपणाचं ठरून गेलं, की शेवटून उचललेला हा पोरगा डाव्या पायाचा आहे आणि सराव सामन्यात त्याला घ्यायलाच हवं. मला जे दिसलं तेच त्यांनाही दिसलं होतं. त्यांना त्यात आनंद सापडला.

मला आठवलं ते वेगळंच. ब्रिन नऊ वर्षांचा असताना एकदा न्याहारीला बसला आणि चमचा डाव्या हातात घेतला. मी विचारलं, तर म्हणाला, "प्रयोग करतोय." प्रयोग काही दिवस चालला. मला कौतुक वाटलं, मी शाळेत मैत्रिणींनाही सांगितलं. मग आंघोळीच्या वेळी उजवं मनगट दिसलं, वांग्यासारखं सुजलेलं. शेजाऱ्यांच्या गवताच्या गंजीवरून पडला होता आणि तिथे चढायला मनाई होती.

सराव संपला. पोरं सह्या द्यायला कुंपणाशी आली. ब्रिन मान खाली घालून सह्या करत करत लोर्नापर्यंत आला, आणि तिच्या छत्रीखाली मी.

"आई?"

लोर्नाने छत्री बाजूला केली आणि मला नीट न्याहाळलं. "काय गं ए! लबाड कुठली! एवढा वेळ आमचं ऐकत उभी?"

"पीच परत दे," स्टाव्ह म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बाई, ते झाडूच्या काठीचं आम्ही प्रेमाने म्हणालो हां."

"मी घरी त्याला याहून वाईट म्हणते."

सगळे हसले. मग लोर्नाने कुंपणावर वाकून विचारलं, "आता खरं सांग, जन्मापासून डाव्या पायाचा ना?"

ब्रिनने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं होतं. चमचा डाव्या हातात असताना त्याने असंच पाहिलं होतं.

"घरी दोन्ही पायांनी मारायचा," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. लोर्नाचं समाधान झालं, आणि तिने टोपी सहीसाठी पुढे केली.

दुपारी आम्ही मैदानामागच्या बेकरीत गेलो. त्याने चिकन आणि सॅलडचा रोल घेतला, क्लबने बाकीचं बंद केलंय म्हणे. खाऊन बाहेर आलो आणि मी फुटपाथवर त्याला म्हटलं, "ब्रिन, एका पायावर उड्या मार."

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत."

त्याने हसत डाव्या पायावर तीन उड्या मारल्या.

"आता उजव्यावर."

तो हसायचा थांबला. मग बाकावर बसला आणि बुटाची नाडी सोडली. पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे, बोट ठेवून म्हणाला, "इथे. दाबलं की दुखतं. नाताळाच्या आधीपासून."

"क्लबच्या डॉक्टरांना?"

"ते रोज विचारतात. मी नाही म्हणतो."

"आणि कोचला काय सांगितलंस, डाव्या पायाचं?"

"कच्चा पाय पक्का करतोय म्हणून. खूश झाले ते." त्याला स्वतःलाच हसू आलं. "आई, सगळे खूश आहेत. येत्या शनिवारी सराव सामना आहे, त्यात मला घेणारेत. आता सांगितलं तर पायाचे फोटो काढतील, प्लास्टरऐवजी घालतात तो मोठा बूट चढवतील आणि माझ्या जागी दुसरा जाईल. तो सामना झाला की सांगतो. नक्की. तोवर कोणाला बोलू नकोस, प्लीज."

मी काही बोलले नाही. त्याने ते कबूल समजून मला मिठी मारली, उशी आणि केक घेऊन जेनिनबाईंच्या घराच्या रस्त्याला लागला. चालताना जराही लंगडत नव्हता, याचंच मला भय वाटलं. किती काळजीपूर्वक शिकला असेल.

त्या जागचं दुखणं म्हणजे काय असू शकतं, हे इथे फुटी बघणाऱ्या कोणालाही विचारा. तिथल्या एका छोट्या हाडाला केसासारखा तडा जातो. वेळेवर थांबलं तर काही महिने वाया जातात. रेटलं तर स्क्रू बसतात, आणि काहींना तर पुढे खेळणंच जमत नाही. ब्रिनला तडाच असेल असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. पण ही नुसती माझी शंका आहे असंही आता म्हणता येत नाही.

थेट क्लबला फोन करायचा विचार केला. निवड झाली तेव्हा त्यांनी आम्हा आईबापांना एक नंबर दिला होता, काहीही वाटलं तर करा म्हणून. पण त्याच्या पाठीमागे केला, तर हे पोर पुन्हा मला बुटाची नाडी सोडून दाखवणार नाही. मग पुढचं दुखणं मला कुंपणावरूनच ओळखावं लागेल, आणि दर वेळी मी कुंपणाशी असेनच असं नाही. आणि गप्प बसले, तर शनिवारी तो धावेल. लोर्ना छत्री घेऊन येईल, स्टाव्ह मेणबत्ती लावून येईल, सगळे डाव्या पायासाठी ओरडतील, आणि तो त्यांना नाराज करणार नाही. तो आजवर कोणालाच नाराज करू शकलेला नाही. एकदा तरी त्याने करायला हवं, आणि ती सुरुवात माझ्यापासून झालेली बरी.

उद्याची बोट मी रद्द केली आहे. ब्रिनला सांगणार आहे, की उद्या सरावाआधी तू स्वतः डॉक्टरांकडे जा आणि बोट ठेवून जागा दाखव. मी दाराबाहेर थांबते. तू आत गेला नाहीस, तर मी जाईन. मी दुपारी हो म्हटलं नव्हतं, तूच तसं धरून चाललास. चिडेल तो. कदाचित पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवेल. चढवू दे.

आता झोपला असेल. उठवते. त्याचा नंबर लावते आहे.