चिंचेनं घासलेला राजा

कुणी जुनं नाणं दाखवलं की माझा हात भिंगाकडे जातो आणि तोंड लगेच सुटतं. हे तोंड आवर म्हणून आईनं जन्मभर सांगितलं. ऐकलं असतं तर!

बाबांच्या पंच्याहत्तरीला डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचे कामावरचे जुने सोबती आलेले. मानपाड्याच्या एका कारखान्यात सगळ्यांनी मिळून प्रेसवर डब्यांची झाकणं दाबण्यात उमर घालवली. जेवणं झाल्यावर बाबांनी खिशातून रुमाल काढला. त्यात आमच्या देवघरातलं तांब्याचं नाणं होतं. कोकणातून निघताना आजोबांनी त्यांच्या हातावर ठेवलेलं. एका बाजूला राजाचं डोकं, आणि दुसरीकडे अक्षरं असायला हवीत तिथे पुन्हा तेच डोकं, उलटं आणि आत खचलेलं.

"आमची लेक यातली जाणकार आहे," बाबा सगळ्यांना म्हणाले. "तीच सांगेल, टांकसाळीतच चुकलंय की नाही ते."

टांकसाळीत असं होतं कधीकधी. ठोकलेलं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच उलटा ठसा उमटतो. अशा नाण्याला आम्हा नाणी जमवणाऱ्यांत फार मान. पण दोन नाणी एकावर एक ठेवून जोरात दाबली तरी साधारण तसंच दिसतं, आणि तसली बनावट नाणी मी ढिगानं पाहिलीत. ओळखायची पहिली खूण सोपी. दाबताना खळग्याच्या मागची बाजू चेपते. मी सवयीनं दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि भिंग लावलं. राजाचं नाक सपाट, कान गायब, दाढी नावापुरती.

"टांकसाळ कसली, बाबा! हे प्रेसमध्ये दाबलंय कुणीतरी."

कुणीतरी म्हणाले मी, पण हॉलमध्ये बसलेले सगळे प्रेसवालेच. एक काका मांडीवर थाप मारून ओरडले, "काय राव, ड्यूटीवर हे उद्योग करायचास होय!" सगळे हसले. मीसुद्धा हसले, सांगायला लाज वाटते. आजोबांची ती गोष्ट लहानपणापासून ऐकत आले, आणि चार माणसांत मीच ती खोटी पाडली.

"मी नाही दाबलं," बाबा एवढंच म्हणाले. मग रुमालाची घडी घातली आणि सगळ्यांना आइस्क्रीम घ्या म्हणाले.

त्यानंतर मी टिटवाळ्याच्या माझ्या घरून फोन केला की ते "ठीक आहे" म्हणून आईकडे द्यायचे. मला रागच यायचा. खरं तेच बोलले ना मी?

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सकाळी माझ्या घरातली पूजेची नाणी घासायला बसले. चिंचेचा कोळ, मीठ, अंगठा गोल गोल फिरतोय, आणि एकदम थांबला. माहेरी हे काम माझंच होतं. दर दिवाळीला आई शाबासकी द्यायची म्हणून त्या राजाला मी आधी चिंचेनं आणि मग राखेनं खसाखसा घासायचे. दुसऱ्या बाजूच्या खळग्यात अंगठा पोचायचा नाही, म्हणून ती तशीच सोडायचे.

हात धुवून मोबाइलमधले त्या दिवशीचे फोटो मोठे करून पाहिले. दाबलेल्या नाण्याचे उंचवटे चेपून एका पातळीत येतात. इथे ते गोलसर झालेले, वर बारीक ओरखडे. दाबलेल्या नाण्याच्या खळग्यात मूळ अक्षरांच्या पुसट रेषा उरतात. इथे एकही नव्हती, खळगा अगदी स्वच्छ, धारदार. पहिल्याच खुणेवर मी निकाल देऊन मोकळी झाले होते. राजा चेपलेला नव्हता, झिजलेला होता. तो मीच झिजवला होता.

संध्याकाळी डोंबिवली गाठली. पूजेच्या ताटात ते नाणं नव्हतं. मी चपला काढता काढताच सगळं सांगून टाकलं, रडत रडत माफी मागितली.

"म्हणजे खरं होतं ते?" बाबांनी विचारलं.

"शंभर टक्के खरं, बाबा. कुठे ठेवलंत?"

बाबांनी आईकडे पाहिलं. "गणपतीच्या निर्माल्याबरोबर खाडीत सोडलं गं. खोटी वस्तू देवात कशी ठेवायची?"

बाबांनी ताटाकडे पाहिलं. मग चष्मा पुसला.

"फोटो आहे ना तुझ्याकडे? त्या सगळ्यांना पाठव. आणि खाली लिही, मी दाबलं नव्हतं."