फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न

आमच्या विद्यापीठात स्त्री अभ्यास विभाग कसा सुरू झाला, असं नव्या मुली दरवर्षी विचारतात. मी ठरलेलं सांगते: प्रस्ताव, समिती, दोनदा परत आलेली फाइल, मग मंजुरी. ऐकणाऱ्यांना जांभया येतात आणि माझी सुटका होते. पण हा विभाग उभा राहिला तो आमच्या शिपाई मावशींमुळे, आणि त्याच्या उद्घाटनाच्या दिवशीच मी त्यांना दुखावलं.

समितीतल्या एका थोर गृहस्थांनी विचारलं होतं, "स्वतंत्र विभागाची गरज काय? समाजशास्त्रात एक पेपर वाढवा की." गरज सिद्ध करा म्हणाले. म्हणून मी फॉर्म छापून सेलू तालुक्यातल्या गावांत जायला लागले. मावशी हिंगणीच्या, ऐन तरुणपणी विधवा झालेल्या. "एकट्या कुठं फिरता, मी येतो," म्हणाल्या आणि रजा टाकून बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या.

दिवस कापूस वेचणीचे. मजुरी किलोवर, माझ्याशी बोलायला थांबणार कोण? पहिल्या दिवशी बायांनी मला हो-नाही करून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी पदर खोचला, शेजारच्या ओळीत शिरल्या आणि स्वतः वेचलेला कापूस बोलणाऱ्या बाईच्या ओटीत टाकत गेल्या. "आता बोल वं बाई, तुह्या वाटचा मी येचतो." मग बाया बोलल्या. जमीन कुणाच्या नावावर, घरात शेवटी कोण जेवतं, सगळं. मी नुसती लिहीत होते.

शेवटचा प्रश्न मावशींनी घालायला लावला. "मॅडम, हे बी लिहा नं. नवरा मेल्यावर बाईले हळदीकुंकवाले बोलावते का?" मला तो किरकोळ वाटला होता. पण त्याच प्रश्नावर वेचणारे हात थांबायचे. एक बाई तर मातीत बसलीच. "पोरीच्या लग्नात मी सैपाकघरातच होती," एवढंच बोलली. समितीपुढे मी हे उत्तर वाचून दाखवलं. थोर गृहस्थांनी सही केली. फाइल पुढे सरकली.

उद्घाटनाला पाहुण्या येणार, तर दारात हळदीकुंकू हवंच, असं आम्हीच ठरवलं. स्त्री अभ्यास विभाग, आणि आम्हा शिकल्यासवरलेल्यांना स्वागताची दुसरी रीत सुचली नाही! करंडा माझ्या हातात होता. बायका रांगेत उभ्या. मावशी नवीकोरी साडी नेसून आल्या होत्या. मी त्यांच्यापुढे आले तेव्हा त्यांनी मान किंचित पुढे केली. आणि माझं बोट त्यांचं कपाळ सोडून पुढच्या बाईच्या कपाळावर टेकलं. मी विचार करून केलं नाही, हीच तर लाज. कळलं तेव्हा वळून पाहिलं, तर त्या मागे सरकत म्हणत होत्या, "चहाचं पायतो मी."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे रडले. "काऊन मनाले लावून घेता? सवयीचा हात हाय," म्हणून त्यांनी मलाच समजावलं. मला माफ केलं का, ते काही बोलल्या नाहीत. पुढे त्या निवृत्त झाल्या. करंडा घेऊन त्यांच्या घरी जायचं मी कितीदा ठरवलं, आणि दर वेळी तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

यंदा थंडीत त्या गेल्या. मी हिंगणीला गेले. ओसरीवर त्यांच्या सुनेनं माझी ओळख करून दिली, तशी शेजारची एक म्हातारी लगबगीनं पुढे आली. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"तुमीच काय त्या मॅडम? इची सासू सांगे, 'मोठमोठ्या बाया उभ्या होत्या, अन् मॅडमनं पयलं कुंकू मले लावलं.' माहा नवरा जाऊन किती वर्सं झाली, पन तवापासून मी बी लावतो. आमी चार-पाच जनी लावतो. कोनी बोललं तर तिचं नाव सांगतो." मग माझ्याकडे पाहत तिनं विचारलं, "खरं हाय नं?"

सून माझ्याकडे बघत होती. आत मावशींचा फोटो होता.

"हो," मी म्हणाले. "पहिलं त्यांनाच लावलं."