एकशे वीस मिलिसेकंदांचं कारण

ऑफिसात सगळे त्याला कारणकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे पूर्ण पदवी. त्याचं काम पडद्यांचं, म्हणजे स्क्रीनचं. यंत्राला पडदा लावला म्हणून पडद्याला अक्कल येत नाही. आधी वीज घे, मग जागा हो, मग चित्र दाखव आणि सगळ्यात शेवटी मागचा दिवा लाव, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. हे सांगणारा जो प्रोग्रॅम, त्याला या धंद्यात ड्रायव्हर म्हणतात. काकाने तीस वर्षं ड्रायव्हर लिहिले होते आणि आता तो इतरांचे तपासून परत पाठवायचा.

परत पाठवण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं. ज्या क्रमाने चालू केलं त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने बंद केलं नाही? परत. प्रोग्रॅमच्या एकाच तुकड्यात चार कामं कोंबली? परत. सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे कारण न लिहिता टाकलेला आकडा. "पन्नासच का? चाळीस का नाही? शेजारी कारण लिहा." आणखी एक रिवाज तो डोळ्यांत तेल घालून पाळायला लावायचा. प्रोग्रॅममध्ये बदल केला की चूक ज्याने दाखवून दिली त्याचं नाव बदलाच्या तळाशी एका ओळीत द्यायचं, आणि तेही त्याला विचारून. लोक कंटाळायचे, पण बदल दुरुस्त करून पाठवायचे.

एका सोमवारी नव्या मुलीचा बदल आला. रुग्णवाहिकेतल्या यंत्राच्या जुन्या ड्रायव्हरमधली एकच ओळ तिने काढली होती. पडदा जागा केल्यावर एकशे वीस मिलिसेकंद थांबा, अशी ती ओळ. खाली तिने लिहिलं होतं, 'शेजारी कारण नाही. पडद्याच्या माहितीपत्रकात दहा पुरे म्हटलंय. म्हणून काढली.'

काकाने ती ओळ कुणी लिहिली ते शोधलं आणि गारच पडला. एकोणीस वर्षांपूर्वी ती त्यानेच लिहिली होती.

मुलगी त्याच्या टेबलाशी आली. "काका, तुमचाच नियम लावला हो मी. रागावला नाहीत ना?"

"बरोबर केलंस. पण ओळ उगाच नसणार."

"मग का आहे?"

काकाला आठवेना. मुलीने शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. शुक्रवारी कारण मिळालं नाही, तर ओळ जाणार आणि नवा ड्रायव्हर गावोगावच्या रुग्णवाहिकांमध्ये बसणार. आत झोपलेल्या माणसाची नाडी सांगणारा पडदा ऐन वेळी कोरा राहिला तर काय, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

त्याने घरी माळ्यावरून त्या जुन्या पडद्याचा नमुना काढला. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक खुर्ची. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर सात वर्षांपासून वायरींचा ढीग होता. सात वर्षांपूर्वी बायको गेली, म्हणजे वेगळी राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. "या घरात भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं," एवढं म्हणाली आणि बॅग उचलली. त्यावरही तो गप्पच बसला होता.

ओळ काढून त्याने पडदा तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लावून पाहिला. दरवेळी चित्र झकास. गुरुवारी सकाळी नमुना उलटा केला तेव्हा मागे तारेचा एक वाकडातिकडा आकडा दिसला. तो बायकोने वाकवून बसवला होता, पडदा स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगता यावा म्हणून. तिथे तो घड्याळ दाखवायचा. आणि थंडीच्या दिवसांत सकाळी लावला की पांढराफटक पडायचा.

आता त्याला सगळं आठवलं. चहाचं आधण ठेवता ठेवता ती म्हणाली होती, "गारठलाय रे तो. उठल्या उठल्या कामाला काय जुंपतोस? जरा थांब की त्याच्यासाठी."

"तुला काय कळतं यातलं?" असं म्हणून तो ऑफिसला गेला, थांबायची ओळ घातली आणि दुसऱ्या सकाळी घड्याळ बिनबोभाट लागलं. कारण लिहायचं तर तिचं नाव द्यावं लागलं असतं, आणि नाव द्यायचं तर तिला विचारावं लागलं असतं. त्याने कारणही लिहिलं नाही आणि घरीही अवाक्षर काढलं नाही.

खात्री करायला त्याने पडदा पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला. जागा करायला काही हलवावं लागलं नाही; आत अर्धा लिटर दूध आणि एक वाटी होती. तासाभराने बाहेर काढून लावला. पांढराफटक. पुन्हा गार केला, या वेळी ओळ परत घालून लावला. चित्र आलं. संध्याकाळपर्यंत त्याने तीन वेळा तेच केलं आणि तिन्ही वेळा बायकोचंच खरं ठरलं.

कारण लिहायला दोन मिनिटं लागली. 'थंडीत हा पडदा उशिरा जागा होतो. त्याच्यासाठी थांबा.' तळाशी नावाची ओळ रिकामी ठेवून त्याने फोन उचलला. सात वर्षांत पहिल्यांदा.

"बरा आहेस ना?" तिने घाबरून विचारलं.

"बरा आहे. तो खिडकीतला पडदा आठवतो? तू म्हणाली होतीस, गारठलाय. तुझंच खरं होतं. तेव्हाच दुरुस्त केलं होतं मी. सांगायचं राहिलं."

नावाच्या रिकाम्या ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"आता तिथे तुझं नाव द्यायचंय. तशी पद्धत आहे. देऊ का?"

"दे की." मग तिने विचारलं, "किती थांबावं लागतं त्याच्यासाठी?"

"एकशे वीस मिलिसेकंद."

"म्हणजे किती?"

"पापणी लवायला लागतं तेवढं."

"तेवढ्याने भागलं त्याचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी तर बरीच वर्षं थांबले रे, तू काही बोलशील म्हणून."

आणि ती पुन्हा थांबली. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. बोलायचं खूप होतं. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. तरीही ती थांबली होती. मग हळूच म्हणाली, "बरं, ठेवते," आणि तिने फोन ठेवला.

त्याने तळाशी तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि बदल पाठवून दिला. थोड्या वेळात मुलीचं उत्तर आलं, 'कारण पटलं. ओळ राहू दे.'

काकाने खुर्चीवरच्या वायरी उचलून खाली ठेवल्या आणि तो रिकाम्या खुर्चीकडे पाहत म्हणाला, "चुकलं माझं." ऐकायला कुणी नव्हतं.