विळा लाल होतो, चाकू का होत नाही?

प्रश्न असा होता: मोरचूद आणि चुन्याच्या एकाच मिश्रणात बुडवलेले लोखंडी पाते तांबूस होते आणि स्टीलचे पाते पांढरेच राहते, तर दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा?

हा प्रश्न मला शाळेत पडला नाही. तो चोपड्याजवळ, माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, केळीच्या बागेत पडला. ऐन पावसाळ्यात मी धुळ्याहून तिच्याकडे गेलो होतो. बाग निसवणीवर होती. झाडांतून घड बाहेर पडू लागले होते. खालच्या पानांवर करप्याचे ठिपके दिसत होते. तो रोखण्यासाठी दाजींनी, म्हणजे बहिणीच्या यजमानांनी, मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण करून आदल्या आठवड्यात चार ओळींवर फवारले होते. करपा थांबला की नाही हे कळण्याआधीच त्या ओळींतली कोवळी पाने कडेने भाजल्यासारखी तपकिरी पडली.

केळीचा घड पानांच्या जोरावर भरतो. निसवणीला पाने गेली तर वर्षभराची मेहनत बारीक फळांवर येते. म्हणून अक्काने अंगणातच निकाल दिला.

"आते ते निळं पानी मना बागमा येवाले नको."

"मंग करप्याले काय चहा पाजू?" दाजी म्हणाले.

दोघांचेही म्हणणे रास्त होते, आणि अडचण नेमकी तीच होती. फवारले तर पाने भाजण्याची भीती, न फवारले तर करपा वर चढणार. अक्काला मोरचुदात भेसळ असल्याचा संशय होता. दाजींना तो मान्य नव्हता. त्यांनी सुटा मोरचूद न घेता शेतीसाठीचे सीलबंद पाकीट आणले होते. त्यावरची सूचना वाचून हातमोजे घातले होते, तोंडाला फडके बांधले होते, लोखंडी टाकी टाळून प्लास्टिकची पिंपे वापरली होती. मोरचुदाचे पाणी पाण्यात कालवलेल्या चुन्यात ओतले होते, उलट नव्हे. शेवटची परीक्षाही त्यांनी केली होती.

"मी चाकू बुडाईसन पाह्यं. तो लाल व्हयना नही."

या परीक्षेचे कारण थोडक्यात सांगतो. मोरचूद म्हणजे तांब्याचा विद्राव्य क्षार. पुरेसा चुना मिळाला की त्यातले तांबे निळसर गाळाच्या रूपात स्थिरावते आणि पानावर संरक्षक थर धरते. चुना कमी पडला तर काही तांबे पाण्यात मोकळे राहते आणि तेच पान जाळते. मोकळ्या तांब्याला लोखंड भेटले की लोखंडाचा थोडा अंश पाण्यात जातो आणि त्याच्या जागी तांबे बसते. पाते लाल झाले, तर चुना वाढवायचा. तांब्याच्या खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यात भंगार लोखंड टाकून तांबे परत मिळवण्याची जुनी औद्योगिक रीतही याच तत्त्वावर चालते.

"चाकू दाखवा पाहू," मी म्हणालो.

दाजींनी आणला तो भाजीचा चाकू होता. पाकिटातल्या पत्रकात स्वच्छ, चकचकीत पाते घ्यावे असे लिहिले होते. शेतातला विळा गंजलेला, म्हणून त्यांनी घरातले सर्वांत चकचकीत पाते निवडले. ते न गंजणाऱ्या स्टीलचे होते. आमच्याकडच्या स्वयंपाकघरांतून लोखंडी पाती केव्हाच हद्दपार झाली आहेत, पत्रक मात्र जुन्या पात्यांची आठवण धरून लिहिलेले.

मग आम्ही ओसरीवर तीन प्लास्टिकचे पेले मांडले. पहिल्यात नुसते मोरचुदाचे पाणी. दुसऱ्यात त्याच पाकिटातला मोरचूद आणि त्याच पोत्यातला चुना, दाजींच्याच प्रमाणात. तिसऱ्यात तोच मोरचूद आणि दुकानातून नव्याने आणलेला कळीचा चुना. विळ्याचे टोक मी पॉलिश पेपरने घासून घेतले. प्रत्येक पेल्यात आधी विळा, मग चाकू. मधे दोन्ही धुवून, विळा पुन्हा घासून.

पहिल्या पेल्यात विळा पाहता पाहता तांब्याचा झाला. दुसऱ्यात त्याच्यावर फिकट पण स्पष्ट लाली आली. तिसऱ्यात तो जसाच्या तसा राहिला. चाकू तिन्ही पेल्यांत पांढराच होता. नुसत्या मोरचुदातही ज्याला काही दिसत नाही, त्याची साक्ष कशी धरायची? स्टीलवर एक अतिशय पातळ, चिवट थर असतो. तो तांब्याला लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. कारखान्यांत तर स्टीलची उपकरणे नीट झाली की नाही, हे मोरचुदाच्याच पाण्याने तपासतात: लाल डाग उमटला, तर माल सदोष.

मोरचूद तिन्ही पेल्यांत एकच होता. राहिला चुना. पोते उघडेच होते. ओली हवा लागून त्यातल्या कळ्यांचा भुगा झाला होता. वजन पुरेपूर भरत होते, जोर गेला होता.

अक्का इतका वेळ दारात उभी होती. तिने मोरचुदाचे विष लागलेला चाकू दोन बोटांत धरून उचलला.

"हाऊ आते घरमा येवाले नको. दोन्ही मास्तर मिळीसन मना चाकूना जीव लिधा!"

"नवा लई येसू," दाजींनी आणायचे कबूल केले.

"चाकू लई ये. आन फवारा आधी एकच ओळ. मी सांगसू तवय बाकीनी."

तसेच झाले. मिश्रण नव्या चुन्याचे, विळा अक्काच्या हातात. तिने तो बुडवला, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि होकारार्थी मान हलवली. एक ओळ फवारली गेली. पुढचे काही दिवस रोज सकाळी ती त्या ओळीतली कोवळी पाने हाताने उलटून पाहत होती. मी पाहिले तर ते तिला पुरेसे वाटत नसे. पाने हिरवीच राहिली.

"आते फवारा," ती एका सकाळी चुलीपुढून म्हणाली, आणि दाजी पिंपाकडे निघाले.

वाचकहो, हे माझ्या शब्दावर मानू नका. हातमोजे घाला, प्लास्टिकच्या पेल्यात चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवा, एक घासलेला खिळा आणि एक टाकाऊ स्टीलचा चमचा त्यात बुडवा. पेला आणि चमचा पुन्हा घरात नेऊ नका, पाणी विहिरीत किंवा नाल्यात ओतू नका. काय दिसते, ते स्वतः तपासा.